एक्केचाळिसावा उंबरा

१० जानेवारी १९५४, रोक्कामोरा

आलो एकदाचा! शेवटचे दोन कोस खेचराच्या पाठीवर काढले, पण गाव दिसलं आणि कंबर विसरलो. कड्याला चिकटलेली दगडी घरं, रोमनांच्या काळची वेस, खाली दरी. बाहेरचं कुणी इकडे फिरकत नाही, त्यांचंच नुकसान. इथला जुना खाटीक वारला, म्हणून संत अंतोनीच्या सणाचं डुक्कर कापायला मला बोलावलंय. वीस वर्षं सुरी चालवतोय, हात कधी चुकला नाही. उतरलोय देलिंदा नावाच्या म्हातारीकडे, सगळं गाव तिला मावशी म्हणतं. ते डुक्कर गळ्यात घंटा घालून वर्षभर मोकळं फिरतं, प्रत्येक उंबऱ्यावर खातं. एक्केचाळीस उंबरे, मावशी म्हणाली. मी मोजली तर घरं चाळीसच. मावशीचं गणित कच्चं दिसतंय.

१७ जानेवारी

आज हात चुकला. सणाच्या दिवशी, भर चौकात. चौघांनी डुक्कर दाबून धरलं होतं. सुरी गळ्यात गेली, पण शीर सापडली नाही. रक्ताच्या चिळकांड्या उडवत ते उठलं, एकाची मांडी फाडली आणि सुरीसकट दरीत कोसळलं. शिव्यांची लाखोली वाहतील वाटलं होतं. बायकांनी नुसती क्रुसाची खूण केली. मी म्हणालो, दुसरं आणू खालून. मावशी म्हणाली, विकतचं चालत नाही रे, सगळ्या उंबऱ्यांचं खाल्लेलंच लागतं, आणि दोन फेब्रुवारीपर्यंत, मेणबत्त्यांच्या सणापर्यंत. मला लाज वाटते.

२२ जानेवारी

बर्फाने वाट बंद. पण लोक काय मायाळू! दिवसाला चार-चार घरी बोलावणं. मक्याच्या पिठाची पोलेंता, मसूर, चरबीत तळलेला पाव. नको म्हटलं की ओरडतात, "खा रे एर्मेते, हाडं मोजता येतील तुझी!" एका म्हाताऱ्याने पाठीला चिमटा काढून मांस पाहिलं. बाजारात मी जनावराला असाच काढतो. सगळे हसले, मीही हसलो.

२७ जानेवारी

चाळीस घरं झाली. आज मावशीने दारामागे घंटा टांगली, दरीतून शोधून आणलेली. पट्टा नवा, डुकराच्या गळ्याला आखूड पडेल असा. मग माझ्या सुऱ्या मागितल्या, धार लावायला.

मला कळलं. पळायची वाट शोधतोय.

२९ जानेवारी

पळालो. वेशीत तिघांनी गाठलं. मांडी फाटलेल्यानेच कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने माझी नडगी फोडली. हाड बाहेर आलं. मारताना माफी मागत होता. आता पलंगावर — समोर सूप. थुंकलो त्यात. एक उंबरा उरलाय. कुठला, माहीत नाही, म्हणून कुणाचंच खाणार नाही. तोवर मारता येत नाही मला.

३१ जानेवारी

बर्फ चोखतोय. पाय काळा पडला. घंटा समोरच —

२ फेब्रुवारी, सकाळ

रांगत चर्चमध्ये आलो, कुणी अडवलं नाही. फादर एजिदिओ माझ्यासाठी रडले. जखम धुतली, दाराला अडसर लावला. पापं ऐकून घेतली. एकट्या माझ्यासाठी मिस्साची प्रार्थना. जिभेवर ख्रिस्तप्रसादाची चकती ठेवली. चार दिवसांत पहिलं काही पोटात —

अडसर काढतायत. मी विचारलं, का? म्हणाले, चर्चलाही उंबरा असतो, बाळा.

चौघे आत आले. घंटा गळ्यात —

सुरी त्या मांडीवाल्याच्या हातात. टोक भलतीकडेच टेकवलंय त्याने. चुकणार. मी ओरडतोय, तिथे नाही, जरा डावीकडे, हाडाच्या वर, नाहीतर —