खिसा उजवीकडे

एडिसन, रविवार संध्याकाळ

निघालो होतो वडापाव खायला, शिरलो एका जुन्या घराच्या म्युझियममध्ये. व्हिक्टोरियन काळातल्या कारकुनाचं घर. कपाटच नाही, भिंतीला खुंट्या. कोट दोनच, एक रोजचा, एक चर्चचा. रोज बदलायची ती फक्त शर्टाला वरून लावायची सुटी कॉलर.

रोजच्या कोटाचा छातीवरचा खिसा उजवीकडे होता. मी गाइडबाईंना म्हटलं, चुकून उलटा शिवलाय. त्या हसल्या, म्हणाल्या, चूक नाही. कापड विटलं की कोट उसवायचे आणि आतली बाजू बाहेर करून पुन्हा शिवायचे, म्हणून खिसा बाजू बदलतो. म्हणजे ऑफिसात सगळ्यांना कळत असणार. तरी हा रोज जायचा, उजवीकडचा खिसा घेऊन. काय माणूस असेल यार.

उद्या माझा इंटरव्ह्यू. कोट एकच, कोपरांवर झिजलेला, म्हणून कॅन्सल करणार होतो. घरमालकीण काकूंना विचारलं, "उलटवून द्याल?"

"आत नुसतं चिकटवलेलं अस्तर आहे रे, जोकर दिसशील. ठिगळं लावून देते. आणि तिथे हात फार हलवू नकोस."

ठिगळं निळी आहेत, कोट करडा. कॅन्सलची ईमेल लिहून ठेवली होती, ती आत्ता पुसून टाकली.