मुंग्यांना चार्ट नसतो

१ ऑगस्ट १९८६, सकाळी ८
मुंबईच्या क्वालिटी कंट्रोल वर्कशॉपहून परवा परत आलो. सर्टिफिकेट मिळालं. डॉक्टरांच्या दवाखान्यामागची आमची लॅब आता रत्नागिरीत एक नंबर होणार. कंट्रोल सीरमच्या सहा बाटल्या आणल्यात. त्यातली शुगर आधीच ठरलेली, २००. रोज पेशंटच्या रक्ताआधी ते मशीनवर लावायचं आणि येईल त्या आकड्याचा ठिपका ग्राफवर द्यायचा. १८० ते २२० मध्ये आला तर मशीन खरं बोलतंय. संकल्प: एकही दिवस चुकणार नाही.

२ ऑगस्ट
चार्ट भिंतीवर लावला. तीन रेषा, तीन रंग. त्यातच दुपार झाली. बाटली सोमवारी फोडू.

४ ऑगस्ट
फोडली नाही. एकदा पाणी घालून विरघळवली की आठ दिवसांत संपवावी लागते. सहा बाटल्या म्हणजे दीड महिना. पुढे काय? चांगली वस्तू जपून वापरावी. मशीन शनिवारपर्यंत नीट चालत होतं, आजच का बिघडेल? ठिपका २०० वर दिला.

११ ऑगस्ट
सगळे ठिपके २०० वर. फारच सरळ दिसतात. आजपासून थोडे वर, थोडे खाली. डॉक्टर चहा घेता घेता बघून गेले. वा म्हणाले.

१४ ऑगस्ट
आप्पांना (वडील, बोटीवरून रिटायर) कुंपणाच्या गडग्याच्या चिऱ्याची ठेच लागली होती. अंगठा भरत नाही. शुगर तपासली. ११८. नॉर्मल. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून मलम दिलं.

२३ ऑगस्ट
गोदा म्हणाली, अहो, मामंजी परसात जास्वंदीखाली लघवीला बसतात, तिथे मुंग्या लागतात. तिच्या माहेरी वेळणेश्वरला काकांचं असंच झालं होतं म्हणे, आणि ती शुगर निघाली. मी बायकोला शांतपणे समजावलं. मुंग्यांना चार्ट नसतो. तरी पुन्हा तपासली. ११६. गोदा बरं म्हणाली. तिचं बरं मला आवडत नाही.

३ सप्टेंबर
नवा महिना, नवा ग्राफ. ३० तारखेपर्यंतचे ठिपके एकदमच देऊन टाकले. रोज वर द्यावा की खाली याचा विचार करण्यात वेळ जातो. वाचलेल्या वेळात प्रत्यक्ष कंट्रोल लावता येईल.

७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी
लॅब चार दिवस बंद. आप्पांनी अकरा मोदक खाल्ले. गोदा वाढेना, म्हणून मी वाढले. आप्पा म्हणाले, मेल्या, तू लॅबात आहेस म्हणून, नायतर हिनं सणाला उपाशीच ठेवलान असतं. बरं वाटलं.

१६ सप्टेंबर, कोल्हापूर
अंगठा काळा पडला. ताप. डॉक्टरांनी कोल्हापूरला न्या म्हटलं. इथे शुगर ३१२ निघाली. मी इथल्या टेक्निशियनला नम्रपणे विचारलं, आज तुमचा कंट्रोल किती आला? त्याने वही उघडून दाखवली. २०३. वहीत खाडाखोड फार होती. भिंतीवर चार्टही नव्हता.

१८ सप्टेंबर
अंगठा काढला. शेजारचं बोटही. शुद्धीवर आल्यावर आप्पांनी विचारलं, माझी ११८ ना रे? मी हो म्हटलं. बाहेर बाकावर येऊन बसलो. काहीच वाटलं नाही. चहा घेतला.

२४ सप्टेंबर
गोदाला आप्पांजवळ ठेवून कामावर आलो. डॉक्टर चार्टसमोर उभे होते. म्हणाले, सात ते दहा तारखेला लॅबला कुलूप होतं, तरी ठिपके आहेत. आज चोवीस तारीख, ठिपके तीसपर्यंत आहेत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फ्रिज उघडला. सहाच्या सहा बाटल्या, सीलबंद. म्हणाले, एक लावा.
लावली. ७६. पुन्हा लावली. ७६.
शुगर तपासायच्या रसायनाच्या, रीएजंटच्या, बाटलीवर मार्चमध्ये मुदत संपल्याची तारीख आहे. आमचा ग्राफ खाली १६० ला संपतो. ७६ चा ठिपका कागदाखाली भिंतीवर द्यावा लागला.

२५ सप्टेंबर
मार्चपासून शुगर केलेल्या सगळ्यांची यादी करायला डॉक्टरांनी सांगितलं आहे. एकशे चाळीस नावं. सगळ्यांना परत बोलवायचं. मी विचारलं, नवं रीएजंट मुंबईहून येईपर्यंत आधी कोणाला बोलवू? डॉक्टर म्हणाले, घरच्यांना विचारून घ्या, मुंग्या लागतात का.

सबंध दुपार आखणीत गेली. तारखेप्रमाणे आप्पा बरेच खाली येतात, पण मी त्यांना पहिले घेतले. शेवटचा रकाना: मुंग्या. त्यांच्यापुढे लिहिलं, होय. कोणी सांगितलं: गोदा.
बाकीचे एकशे एकोणचाळीस रकाने रिकामे आहेत. अंदाजाने भरून टाकावेत असं वाटलं. भरले नाहीत.