दट्ट्या दाबण्याआधीची चार मिनिटं

५ जानेवारी, रविवार

साडेचारला जाग. उठायचं काही कारण नाही, तरी उठलो. बांधावरून चक्कर. गोठ्यातली दावी एका लाइनीत टांगली. सुमन (बायको) म्हणाली, "आवं, म्हशीला परेड कळत न्हाई. राहू द्या."

मग कॉफी. रिटायर झालो तेव्हा आमच्या युनिटातल्या कूर्गी मादप्पानं दिलेलं काचेचं भांडं, आत जाळीचा दट्ट्या. भरड पूड तीन चमचे, वर उकळतं पाणी, चार मिनिटं थांबायचं, मग दट्ट्या हळू खाली. चोवीस वर्षं सेन्ट्री ड्यूटी केली, पण ही चार मिनिटं काही निघत नाहीत. तेवढ्यात दोनदा अंगणात जाऊन आलो.

बायको या भांड्याला 'तुमचा पंप' म्हणते. ती आणि तात्या (माझे चुलते) चहा स्टीलच्या ग्लासातून पितात. मला अजून कपबशी. पाव्हण्याची.

७ जाने.

पत्र आलं. पुन्हा भरती मंजूर, दोन वर्षं. २७ ला सेंटरवर हजर. अर्ज सप्टेंबरात टाकला होता, घरी येऊन महिना पण झाला नव्हता. सुमनला तेव्हा बोललो नव्हतो. चूकच. आज सांगितलं. ती ऊसतोडीच्या मुकादमाशी फोनवर होती. फोन ठेवला, म्हणाली, "बरं."

एवढंच. बरं म्हणजे जा, का बरं म्हणजे राहा?

१० जाने.

मुकादम दारात. "वैनी हायत का?"

म्हटलं, मी आहे की, बोला.

"न्हाई, वैनीस्नीच इचारतो. कुठला तुकडा आधी तोडायचा त्यांस्नी ठावं."

खरं आहे. मला आमच्या उसाची जात विचारली तरी सांगता यायची नाही. आत जाऊन दुसऱ्यांदा कॉफी केली. प्यायची इच्छा नव्हती, हाताला काम हवं होतं.

१३ जाने.

मादप्पाची पूड संपली. कराडला दोन-तीन दुकानं पालथी घातली, सगळीकडे ती विरघळणारी. एक जण म्हणाला, "फौजी, दुधात टाका, ढवळा, झालं. कशाला एवढं लफडं?" तसाच एसटीनं सांगली. तिथं बिया मिळाल्या. दळूनही देत होता, पण एकदम पिठासारखं; जाळीतून सगळा गाळ कपात उतरतो. म्हणून बियाच आणल्या. आख्खा दिवस गेला. बरं वाटलं, दिवस गेला म्हणून.

१४ जाने.

बिया मिक्सरच्या लहान भांड्यात फिरवल्या. भरड झाली झकास. पाणी, चार मिनिटं, दट्ट्या. पहिला घोट घेतला तर कांदा-लसूण मसाला! त्याच भांड्यात रोज वाटण होतं, ते ध्यानातच नव्हतं. सुमनला चव दिली. पदर तोंडाला लावून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी. "भाकरी कुस्करून देऊ का संगं?"

तिचं हे हसणं फोनवर रोज ऐकायचो. घरी आल्यापासून आज पहिल्यांदा.

१८ जाने.

वाईट दिवस.

मोटर चालू करून मळ्यातून आलो तर स्वयंपाकघरात काळं पाणी, भांड्याच्या काचेचे दोन तुकडे. सुमननं माझ्यासाठी कॉफी करायला काचेचं भांडंच गॅसवर ठेवलेलं. "उकळल्याबिगर उतरतंय व्हय कुटं?" म्हणाली. चहा करणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार? मी आलो की आयती मिळावी म्हणून केलेलं.

आणि मी ओरडलो. घरातला आवाज नव्हे, मैदानावरचा. तात्या बाहेरच्या सोप्यातून उठून आत आले. म्हणाले, "काच हाय रं ती. माणूस न्हवं."

सुमन खाली बसून काच वेचत होती. वर न बघता म्हणाली, "फोनवर तुमी कवा आवाज चढवला न्हाई."

लाज वाटली. अजून वाटतेय.

१९ जाने.

माफी मागायची होती. तोंडातून आलं ते, "सांगलीत काच मिळेल." ती म्हणाली, "मग जावा."

दिवसभर आत-बाहेर. कंपाउंडची तार उगाच ताणली, तुटली.

२१ जाने.

परत सांगली. भांड्यांच्या दुकानांत नुसती काच कुणाकडे नाही. शेवटी शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळेचं सामान विकणारा एक म्हातारा भेटला. दट्ट्या घेऊन गेलो होतो. एकेक बीकर काढून त्यात घालून बघितला. पाचवा बसला. "कसला प्रयोग हाय?" म्हणाला. म्हटलं, घरचा.

२३ जाने.

मुलीचा पुण्याहून फोन. "पप्पा, सोमवारी जाताय ना?" कुणी सांगितलं विचारलं तर, "मम्मी म्हणाली पत्र आलंय." जाणार असं म्हणाली का ती? "नाही, पत्र आलंय एवढंच."

स्वतःशी तरी सरळ लिहावं. घरात माझ्यावाचून काही अडत नाही. ऊस तिचा, बँक तिची, माणसं तिची. मी गेलो तर दोन वर्षं पुन्हा फोन, पुन्हा ते हसणं. राहिलो तर रोज हा अवघडलेपणा. जायचं आहे असंही नाही. तिला मी नको आहे की काय, याची भीती आहे. विचारायचं धाडस होत नाही.

२६ जाने., रविवार

शाळेत झेंडावंदन. हेडमास्तर माइकवर, "सुट्टीवर आलेले आपले जवान..." रिटायर होऊन पाच महिने झाले तरी टाळ्या घेतल्या.

घरी येतो तर सोप्यात ट्रंक. भरलेली. इस्त्रीचे कपडे, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू, चटणीची बरणी फडक्यात बांधून. दर वेळी निघताना असायची तशीच. म्हणजे हिचं ठरलंय.

पाणी उकळलं. बीकरात पूड, पाणी. घड्याळ बघितलं. सुमन समोर येऊन बसली. अशी कधी बसत नाही.

म्हटलं, "जा म्हणतेस तर."

"मी कुटं म्हनलं?"

"ट्रंक भरलीस की."

"तुमची सुट्टी सपत आली की मी भरतीया. हातास्नी सवय हाय ती." मग म्हणाली, "औंदा भरू नगं, असं तुमी म्हनायचं असतंय. पत्र आल्यापास्नं वाट बघतीया मी."

चार मिनिटं कधीच उलटून गेली होती. दट्ट्या दाबला. कडूजहर झालेली. तिनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पण उठून गेली नाही. मी काही बोलेन म्हणून थांबली असणार. तेवढ्यात तात्यांनी हाक मारली आणि गेली.

आता संध्याकाळचे पाच वाजलेत. ती गोठ्यात धार काढतेय. ट्रंक सोप्यातच आहे. उद्या सकाळी सव्वासहाची एसटी. तिनंच सांगितलेल्या तीन शब्दांचं काम, आणि मी इथं बसून वहीत लिहितोय. गोठ्यात जातो. तिथं गेल्यावर तरी...