बाबांची जागा

लोणावळा, ३ नोव्हेंबर २०२४

चि. आसावरी, अनेक आशीर्वाद.

फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितो. घाटात गाडी घसरून श्रीयश गेला, त्याला आता दोन महिने होतील. तुझी इंदिराकाकू जेवते. मी कामावर जातो.

एकवीस तारखेला, त्याच्या वाढदिवशी, त्याचं शेवटचं रॅप तू नेटवर टाकून सगळ्यांना ऐकवणार आहेस असं इंदिरा म्हणाली. काल तिने ते मला लावून दिलं. मला भावगीतं कळतात, ही आदळआपट कळत नाही. पण दोन ओळी कळल्या. ‘बाप माझा बंद दार, लावून कडी, ठोकून ठोकून सोलली मुठीची कातडी.’ पुढे शिवी आहे. इंदिरा उठून भाजी ढवळायला गेली.

तेवढं काढ, बाळा. बाकी सगळं राहू दे. ऑफिसातल्या पोरांच्या फोनवर हे वाजणार, आणि मी तिथेच बसलेला असणार. मोठ्याने धाकट्यापुढे हात जोडू नयेत, तरी जोडतो.

राग आला तरी लोभ असू दे.
गंगाधरकाका

तळेगाव, ८ नोव्हेंबर

ती. काकांस, सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडले. काका, मला तरी त्या ओळी कुठे आवडतात? आमची भांडणं त्यावरूनच. मला गोष्ट सांगणारं रॅप आवडतं, आंदर मावळात एसटीची वाट बघत बसलेल्या माणसांचं. तो म्हणायचा, तुझं रॅप म्हणजे शाळेचं स्नेहसंमेलन, शिवीशिवाय अळणी आमटी. मी म्हणायचे, तुझं म्हणजे रविवारी लोणावळ्यात अडकलेल्या गाड्यांचे हॉर्न.

पण दशक्रियेला पिंडाला कावळा शिवत नव्हता, आठवतं ना? तुम्ही म्हणालात, तुझ्या आईला सांभाळीन. रतनमावशी काय काय बोलली. कावळे झाडावरच. शेवटी मी म्हणाले, श्री, तुझा एकही शब्द बदलणार नाही. तेव्हा शिवला. तो शब्द कसा मोडू?

एक सांगायचं राहिलंय. त्या ओळींनंतर नुसता ठेका वाजतो. मी म्हटलं होतं, ही रिकामी जागा काप, लोक कंटाळतील. तो म्हणाला, ती बाबांची आहे, कधी ऐकलंच तर बोलतील काहीतरी. बोला ना काका. रेकॉर्ड करून पाठवा, मी तिथे बसवते. शिवी दिलीत तरी त्याला आवडेल.

काकूला नमस्कार. लोभ आहे तो उणा करू नका.
आसावरी

लोणावळा, १७ नोव्हेंबर

चि. आसावरी, आशीर्वाद.

रोज भुशीच्या रस्त्याला जातो. घरात जमत नाही. त्याचं गाणं लावतो आणि ती जागा आली की तोंड उघडतो. ‘श्री’ एवढंच म्हणायचं ठरवलं होतं. आवाज निघत नाही. ठेका संपतो आणि तो पुन्हा बोलायला लागतो. काल भजीच्या गाडीवरच्या बाईंनी विचारलं, रेंज न्हाई का भाऊ? मी मान हलवली.

ओळी राहू देत. शिवीही राहू दे. ऑफिसात वाजलं तर वाजलं.

माझ्याकडून पाठवायला काही नाही. पण लोक कंटाळतील म्हणून ती जागा कापू नकोस. शब्द बदलणार नाही असं तू म्हणालीस, ठेक्याचं काही बोलली नाहीस. जमलं तर थोडा वाढव.

मला वेळ लागतो.

तुझा लोभ आहे, हे जाणून असलेला
गंगाधरकाका