दातांबाहेरची मिळकत

मी, डॉ. मार्लिस ट्वेट, वय ७१, दातांची डॉक्टर, राहणार हार्लन फॉल्स, आयोवा, हे स्वखुशीने आणि स्वहस्ते लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. याची वकिलांनी खात्री करून घेतली आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम १. 'ट्वेट आणि केपलर' या आमच्या दंतवैद्यक कंपनीतले माझे निम्मे शेअर. असल्या कंपनीचे शेअर परवाना असलेल्या दंतवैद्यालाच घेता येतात, असा कायदा आहे. तेव्हा माझे भागीदार डॉ. रोलंड केपलर यांनी ते ठरल्या दराने विकत घ्यावेत. ते पैसे आणि माझे राहते घर भाची सिग्नी हिला मिळावे. खुर्च्या, यंत्रे, चिमटे केपलरांना लखलाभ.

कलम २. आता दवाखान्यामागचा गाडीतळ. हे मला बसून लिहवत नाही, उभी राहून लिहिते आहे! मंगळवारपर्यंत मी धरून चालले होते, की कंपनीच्या नावावरची ही जागाही शेअरांबरोबर केपलरांच्या घशात जाणार. माझी झोप उडाली होती. कारण त्या जागेवर खरा हक्क आमची हिशेबनीस डोरीन पॅस्को हिचा आहे, आणि डोरीनकडे कसला परवाना?

१९८४ साली मी कंपनीतर्फे कर्ज काढून ती ओसाड जागा घेतली. शनिवारी विद्यापीठाच्या फुटबॉल मॅचला येणाऱ्यांच्या गाड्या तिथे भाड्याने उभ्या करायच्या, एवढाच बेत. केपलर तडकले. "मार्लिस, गाड्याच राखायच्या होत्या तर डॉक्टर कशाला झालीस?" पहिली सहा वर्षे भाड्यापेक्षा व्याज जास्त. चिखलात फसून मोडलेल्या एका गाडीची भरपाईही द्यावी लागली. दर वर्षअखेरीस केपलर नफा-तोटा पत्रकातल्या 'इतर उत्पन्न' आणि 'इतर खर्च' या ओळींवर बोट ठेवून म्हणायचे, "ही बघ तुझी अक्कल!"

त्या चिखलात नारिंगी निशाण घेऊन कोण उभे राहिले? डोरीन. तिला पगार सोमवार ते शुक्रवारचा. शेगडीवर गरम सॉसेज भाजून विकली आणि खडीचे पैसे तिनेच उभे केले. मी म्हणायची, "अगं, थंडीने मरशील!" ती म्हणायची, "मरायला वेळ कुठाय डॉक्टर? ती निळी व्हॅन बघा आधी, दोन गाड्यांची जागा अडवून बसलीय मेली!"

पुढे मैदानाला नवी गॅलरी झाली आणि आमचे नशीब फळफळले. गेल्या हंगामात अठरा हजार डॉलर आले. केपलरांना हल्ली ती जागा 'आपल्या कंपनीची शान' वाटते.

आणि मंगळवारी वकील ओटो ब्रंक यांनी आमचा १९८५चा करार उघडला. तोट्याचा वाटा नको म्हणून केपलरांनीच हट्टाने घातलेले कलम: दातांच्या उपचारांबाहेरचा नफा-तोटा एकट्या ट्वेटचा. हे मला ठाऊक होते. पुढची ओळ मात्र मी कधी धड वाचलीच नव्हती: ज्या मालमत्तेतून तो येतो तीही तिचीच, आणि तिच्या पश्चात ती सांगेल त्याच्या नावे कंपनीने करून द्यावी. खाली केपलरांची ठसठशीत सही! मी तिथे किंचाळलेच. अहो, गाड्या उभ्या करून द्यायला दंतवैद्याचा परवाना लागत नाही!

सबब तो गाडीतळ, कर्ज फिटलेला, शेगडी आणि निशाणासकट, मी डोरीन पॅस्को हिला पूर्ण मालकीने देते. केपलरांनी तिथे गाडी लावल्यास पुरते भाडे भरावे.

कलम ३. वर सांगितलेल्या सहा वर्षांची नफा-तोटा पत्रके काचेच्या चौकटीत बसवून केपलरांना भेट द्यावीत.

कलम ४. या मृत्युपत्राचा अंमल ओटो ब्रंक यांनी करावा.

साक्षीदारांविषयी. या दवाखान्यातल्या प्रत्येक कागदावर आजवर डोरीननेच साक्षीदार म्हणून सही केली. आज मी शेजारच्या न्हाव्याला आणि बेकरीवाल्या बाईंना बोलावले. ती दारात उभी राहून म्हणाली, "का हो डॉक्टर, माझ्या सहीला काय झालं? एवढी परकी झाले मी?" आणि डोळे पुसत गेली. मी लिहीतच राहिले. आत्ता सांगितले तर ती जागा घ्यायचीच नाही, मला पक्के ठाऊक आहे. डोरीन, ज्याला मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. म्हणून तुझी सही घेतली नाही गं.

सही: मार्लिस ट्वेट

आमच्यासमोर सही झाली:
१. व्हर्जिल स्टाउट, न्हावी
२. अर्लीन कोव्हार, बेकरी

हार्लन फॉल्स, आयोवा
गुरुवार, १ ऑक्टोबर २००९