पोळीएवढ्या जाडीची पानं

वैशाली, गाझियाबाद
८ फेब्रुवारी १९९९

प्रिय निखिल,

अक्षर तुझ्या बहिणीचं, म्हणणं माझं. मी बोलेन तेच लिहायचं, स्वतःची अक्कल घालायची नाही, असं केतकीला बजावलं आहे. शब्द अडला की ती हिंदी ठोकते, तेवढं सांभाळून घे. आत्ता विचारते आहे, आजी, हे पण लिहू? लिही बाई, सगळं लिही.

इकडे ठीक आहे. समोर म्हशी बसायच्या तिथे आठ मजले उभे राहिलेत. इमारतीचं नाव इटलीतल्या कुठल्याशा गावाचं आहे म्हणे. पाणी मात्र टँकरचं. तुझा बाबा कंपनीच्या बसने मानेसरला जातो आणि परत आला की ताटावर पेंगतो. तुझा फोन त्यालाच येतो. मी हात पुढे केला की नेमकी तुझी लाइन कट होते. अमेरिकेतले फोन इतके वाईट असतील असं वाटलं नव्हतं.

मला त्या काळ्या पुस्तकाबद्दल सांगायचं आहे. गणपतीला तू येणार होतास, तुझ्याऐवजी ते आलं. तिकडच्या एका बड्या कादंबरीकाराच्या उमेदीतल्या तीन कादंबऱ्या, एकाच बांधणीत. कागद पापडासारखा, आत लाल फीत. तुझ्या आजोबांनी ते पोथीसारखं पाटावर ठेवलं आणि रोज दुपारी जेवणानंतर मला वाचून दाखवायला लागले. वाचायचे इंग्रजीत, मनात. बोलायचे मराठीत, मोठ्याने. सरकारात तीस वर्षं भाषांतर केलेला माणूस, परिपत्रकातला स्वल्पविराम गाळायचा नाही. लग्नानंतर मला अक्षरं शिकवायला बसले होते, तेव्हा मी म्हटलं, तुम्हाला येतात ना, मग एका घरात दोघांना कशाला? ते अजून बरोबरच वाटतं.

पहिली कादंबरी घोड्यांच्या डॉक्टरची. बरी होती, पण त्यात बर्फ फार. दुसरी रेल्वेच्या सिग्नलवाल्याची. त्याचा मुलगा दूर शहरात नोकरीला, बाप इकडे अंथरुणाला खिळलेला. तोवर हेही अंथरुणातच होते, उशी टेकून वाचायचे. शेवटच्या दिवशी बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग सांगितलं, मुलगा धावतपळत वेळेवर पोचला, बापाला पाणी पाजलं, बापाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. संपली. आणि फीत उचलून पुढे टाकली. एका पोळीएवढ्या जाडीची पानं न वाचता उलटली.

मला अक्षर येत नाही, पण जन्मभर पोळ्या लाटल्यात, जाडी कळते. अमेरिकेतली माणसं मरताना मुलाच्या हातचं पाणी पितात, हेही खटकायला हवं होतं. पण वाटलं, दमले असतील.

पुढचं तुला माहीत आहे. डॉक्टरांनी बोलवा म्हटलं, तू म्हणालास प्रोजेक्ट आठवड्यात संपतोय, संपवून येतो. पोचलास तेव्हा हे जाऊन चौथा दिवस होता. दहा दिवस राहिलास, माझ्या पायांकडे बघत. माझे पाय काही इतके बघण्यासारखे नाहीत.

गेल्या रविवारी केतकीला बसवलं आणि गाळलेली पानं वाचून घेतली. हिंदीत. खऱ्या पुस्तकात मुलगा उशिरा पोचतो. बापाला पुरून झालेलं असतं. आई बाकावर बसलेली असते, ती नुसती सरकून जागा करते आणि कादंबरी संपते. मी केतकीला विचारलं, जेवायला वाढत नाही? ती म्हणाली, नहीं आजी, बस इतना ही. मोठा लेखक असेल, पण एवढं त्याला सुचू नये?

आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. मराठीत सांगायचं म्हणून हे रोजचा मजकूर सकाळीच वाचून ठेवायचे. म्हणजे ती पानं त्यांनी वाचली होती. मुलगा कधी पोचतो ते त्यांना ठाऊक होतं आणि तू कधी पोचशील त्याचाही अंदाज असणार. तीस वर्षांत एक स्वल्पविराम न गाळणाऱ्या माणसाने तेवढी पानं गाळली, ती माझ्यासाठी, असं मला आधी वाटलं. आता वाटतं, तुझ्यासाठी. तिसरी कादंबरी तशीच पडून आहे, पाटावर, फीत लावून. पोथी अर्धी ठेवत नाहीत. सुट्टी मिळेल तेव्हा ये आणि वाच. मी सरकून बसेन, आणि वाढेनही. खोटं वाचलंस तरी चालेल, मला जाडीवरून कळेलच. तुझ्या आजोबांच्या वाचनात तू वेळेवर पोचला होतास, निखिल.

पुस्तकाशेजारी बसलेली,
तुझीच आजी