दिवाळसणाचा रोहू

जालना,
मार्गशीर्ष शु. ३, शके १८५६

ती. मामांस त्रिंबकचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोहोचलो, हे कळवायलाच महिना लागला. दिवाळसणाला सासुरवाडीत तुम्ही केलेले लाड आई अजून शेजारणींना सांगते आहे. मला मात्र गोदावरीचा तो डोहच आठवतो. दुपारचे पिवळे ऊन, गळाच्या दोरीला बांधलेले, पाण्यावर पेंगत तरंगणारे मोरपीस, आणि जन्मात पहिल्यांदा गळ टाकला नि घटकाभरात एवढा थोरला रोहू! कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहिताना डोळ्यांपुढे ते पीस डुलत राहते.

इथल्या मोती तलावावर मात्र दर सुटीला बसतो आणि हात हलवत परतून येतो. माझ्या हाताला गुण आहे हे तुम्ही पाहिलेच, तेव्हा खोट तलावातच असावी. संक्रांतीला तुमच्या डोहावर येऊन चार माणसांदेखत दुसरा रोहू काढीन, असे मी जाहीर करून बसलो आहे. इंद्रायणी नुसती हसते.

लोभ आहेच, तो असाच वाढता ठेवावा.

आपला,
त्रिंबक

*

जालना,
मार्गशीर्ष शु. ४

ती. दादांस इंद्रायणीचा शि. सा. न. वि. वि.

सासूबाई देवळात गेल्यात, तेवढ्यात लिहिते. दादा, लेकीचे बाप असून तुम्ही आणि तुमचे जोडीदार कचरूकाका यांनी हे काय करून ठेवले? दिवाळसणाचा जावई रिकाम्या हाताने उठवू नये, ही आपली रीत खरी. पण ती धोतरजोडीपुरती. कचरूकाका खडकाआडून बुडी मारून गेले आणि जाळ्यातला मासा यांच्या गळाला अडकवून आले, ते मी काठावरून पाहिले. तेव्हा तोंडात पदराचा बोळा कोंबून हसले.

आता हसू येत नाही. संक्रांतीला हसे झाले तर हे रुसतील. या घरात मानापानावरून माझ्या थोरल्या जाऊबाईंचे माहेर तुटले ते तुटलेच. मला डोह रोज स्वप्नात दिसतो, दादा. काहीतरी करा, पण यांना खरे सांगू नका.

तुमची माया अशीच राहो.

इंद्रायणी

*

गोंदी, ता. अंबड,
मार्गशीर्ष शु. १०

रा. रा. त्रिंबकराव यांस रायभानचा सप्रेम नमस्कार वि. वि.

तलावाला दोष देऊ नका, तो बिचारा गप्प ऐकून घेतो. नशीब एखाद्या वेळी येते, रोज येत नाही. जागा एकच धरा. गळ टाकायच्या आधी काही दिवस तिथे पेंड आणि भाजल्या पिठाचे गोळे टाकत जा, म्हणजे माशांना जेवायला यायची सवय लागते. गळाचे टोक नखावर घासा. घसरले तर ते बोथट समजा. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका. पीस थरथरले की ओढायचे नाही, ते कलून चालू लागले की मगच ओढायचे. कचरूचेही सांगणे आहे की, जावईबापूंनी जल्दी बिलकुल करू न्हाई, पाणी बराबर सांगतं.

बाकी इंद्रायणीला विचारा. लग्नाआधी ती रोज माझ्याजवळ बसे. आता मी एकटाच बसतो आणि पिसाऐवजी वाटेकडे बघत राहतो. तिला बरोबर नेत जा.

ममता असू द्यावी, ही विनंती.

रायभान

*

जालना,
पौष शु. १

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितले तसे सगळे केले. पीठ इंद्रायणीने भाजले आणि जागाही तिनेच निवडली. पहाटेच्या धुक्यात तलाव दुधासारखा दिसत होता. पीस कलले, चालू लागले, आणि मनगटापासून खांद्यापर्यंत अशी ओढ लागली की मी उभाच राहिलो. हातभर रोहू निघाला.

गळ सोडवताना पाहिले, तो ओठाला आतून लागलेला. दिवाळीच्या रोहूला तो बाहेरून टोचलेला होता आणि तो मासा ओल्या धोतरासारखा मुकाट वर आला होता. सगळे ध्यानात आले. इंद्रायणीकडे पाहिले तर तिचा चेहरा पांढराफटक.

फार राग आला, मामा. संक्रांतीला जायचे नाही, असे घरी सांगून टाकले. आईलाही ते पटले. इंद्रायणी रोज पहाटे दळताना माहेरचे गाणे म्हणे. तेव्हापासून ते बंद झाले. ते नसलेले घर मला दोन दिवससुद्धा सोसवेना. आम्ही दोघे येतो आहोत. मला जावई म्हणून डोहावर बसवू नका. रिकामा उठलो तर रिकामाच उठू द्या.

आशीर्वाद असावेत.

त्रिंबक

*

गोंदी,
पौष व. ३

रा. रा. त्रिंबकराव यांस सप्रेम नमस्कार वि. वि.

तुम्ही गेलात आणि डोह मोठा वाटू लागला. आपण तिघे दिवसभर बसलो, पाणी हललेसुद्धा नाही. इंद्रायणी मधेच माझ्या खांद्याला टेकून झोपली, तेव्हा मी पीस पाहायचेच विसरलो होतो.

काल पारावर बद्रीनाथ पाटलांनी चारचौघांत विचारले की, संक्रांतीला जावई आल्ता, मंग काय गावलं त्याला? मी सांगितले की काहीच न्हाई. सगळे हसले. दिवाळीच्या त्या खोट्या रोहूपासून पारावर मान वर करून मी बोललो, ते हे पहिलेच.

येत जा. लोभ आहे, आता खराही आहे.

रायभान